"शॅडो टीचर आणा, मगच मुलाला पाठवा": तीन ते सहा वयाच्या मुलांचा वर्गावर हक्क किती?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज लिहायला बसलेच.

माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान होऊन वर्ष उलटलं. बोलतो कमी, पण समजतं त्याला भरपूर. घराजवळच्या एका शाळेत ज्युनिअर केजीला आहे. शाळा दहावीपर्यंतची, शासनमान्य. नर्सरीचं वर्ष छान गेलं. यंदा जूनमध्ये बाई बदलल्या आणि शाळेने आम्हाला बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त आमच्या मुलासोबत बसणारी मदतनीस, आणायची, पगार आम्ही द्यायचा. ती मिळेपर्यंत मुलाला दोनच तास ठेवणार. आणि डिसेंबरच्या स्नेहसंमेलनात त्याला घेणार नाही, कारण "त्यालाच त्रास होईल". हे सगळं तोंडी. लेखी द्या म्हटलं तर "मॅडम, तुम्ही उगाच वाढवताय."

शॅडो टीचरचा पगार शाळेच्या फीपेक्षा जास्त निघतोय. आम्ही दोघंही नोकरी करतो, ओढाताण करून जमवू. ज्यांना जमणार नाही त्यांच्या मुलांनी कुठे जायचं, हे मला शाळेला विचारायचं आहे. पण त्याहून मोठी शंका वेगळीच आहे. याच शाळेत सीनिअर केजीत एका मुलीसोबत शॅडो ताई आहे. मी वर्गाबाहेर उभी राहून पाहिलंय. ताई तिच्या शेजारी बसते, तिचा हात धरून रंगवते, डबा भरवते. एक मुलगा चेंडू घेऊन आला आणि त्याने ताईला विचारलं, "हिला खेळायचंय का?" मुलगी समोरच बसलेली होती. वर्गाच्या बाई तिच्याशी बोलतच नाहीत, जे काही सांगायचं ते ताईला सांगतात.

आता गेल्या वर्षीच्या बाईंबद्दल. मधल्या सुट्टीची घंटा वर्गाच्या दाराशीच आहे. ती वाजली की हा कानांवर हात ठेवून बाकाखाली. बाईंनी काय केलं? घंटेच्या मिनिटभर आधी त्याच्या हातात डब्याचं चित्र द्यायच्या. तो ते घेऊन दारापाशी जायचा, शिपाईमामांना दाखवायचा, मग मामा घंटा वाजवायचे. कधी वाजणार हे कळलं, तशी भीती कमी झाली. दिवाळीनंतर तर मामा त्याच्याच हातात टोल द्यायला लागले. एक पुठ्ठा आणि एक चित्र, बाकी काही लागलं नाही.

शाळेला अशी अट घालता येते का? शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे आहे म्हणतात, मग तोवर या मुलांना काहीच हक्क नाही का? जाणकारांनी कृपया लिहावं.

शुभंकर७७

ताई, आम्ही पुण्यात यातून गेलोय. दोन वर्षं शॅडो ठेवली. ताई मनाने फार चांगली होती, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण ती ज्या दिवशी रजेवर, त्या दिवशी सकाळी सात वाजता शाळेचा फोन: "आज पाठवू नका." फी भरलेली आमची, पटावर नाव आमच्या मुलाचं, आणि शाळेत यायचं की नाही हे तिसऱ्याच माणसाच्या तब्येतीवर ठरणार. मुलगा दप्तर घेऊन दारात उभा असायचा.

वकीलकाकू

मृण्मयी, सगळ्यात आधी त्या तीन अटी कागदावर आण. मुख्याध्यापिकांना साधा ई-मेल कर: "अमुक तारखेच्या भेटीत आपण पुढील तीन गोष्टी सांगितल्या. माझ्या समजण्यात चूक असल्यास कळवावे." उत्तर आलं तर लेखी पुरावा, नाही आलं तर मौनही उपयोगी पडतं.

आता कायद्याचं. तुझी शंका बरोबर आहे. २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला, पण ६ ते १४ वयासाठी. सहाच्या खालच्या मुलांना कलम ४५ मध्ये टाकलं, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत. तिथे "राज्य प्रयत्न करील" एवढंच आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा त्याच रेघेवर उभा आहे. त्याच्या कलम १३ मध्ये प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावायला बंदी आहे, पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत दंड, पुढे दर वेळी ५० हजार. पण खासगी शाळांतल्या दुर्बल आणि वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा सोडल्या तर हे नर्सरीला लागू नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलं. ज्या वयात मुलाला सर्वात जास्त आधार लागतो त्याच वयात कायदा सर्वात हळू बोलतो. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

२५ टक्क्यांबद्दल इथेच सांगते, कारण बऱ्याच पालकांना माहीत नसतं. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलं 'वंचित घटकात' आली. ज्या शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग आहेत तिथे या जागा तिथपासून लागू होतात. वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द केला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला.

तुझ्या हातात खरं बळ आहे ते दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं. त्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. भेदभावाच्या व्याख्येतच "वाजवी सोय नाकारणे" बसवलेलं आहे. वाजवी सोय म्हणजे मुलाला इतरांसारखं शिकता यावं म्हणून करायचा, शाळेला झेपेल असा बदल. कलम १६ म्हणतं की शासनमान्य किंवा अनुदानित संस्थांनी मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, शिक्षणाची तसंच खेळ आणि करमणुकीची इतरांइतकी संधी द्यावी, आणि मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी. स्नेहसंमेलनाचा मुद्दा इथे बसतो. त्या कलमाची भाषाही "शासनाने प्रयत्न करावा" अशीच सुरू होते, हे खोटं सांगणार नाही. तरी शाळा शासनमान्य आहे म्हटल्यावर तिला हात झटकता येत नाहीत. आणि हे लक्षात ठेव: किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट कलम ३१ ला आहे, म्हणजे ६ ते १८ वयाच्या मोफत शिक्षणाला. कलम १६ ला ती नाही. "आधी दिव्यांगत्वाचं कार्ड आणा मग बोलू" असं शाळा म्हणाली तर हे दाखव.

"वाजवी" या शब्दालाही हद्द आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडत असेल तर सोय नाकारता येते. पुठ्ठ्यावरचं चित्र हा बोजा आहे असं कुणी म्हणू शकेल असं मला वाटत नाही. तुझी घंटेची गोष्ट अर्जात जशीच्या तशी घाल.

कीर्तिमान

विरोधी सूर लावतोय, पण मनापासून लिहितोय, गैरसमज नसावा. माझी मुलगी नर्सरीत आहे. तिच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याने तिला दोनदा चावलं. दंडावर वळ होते. बाई एकट्या, मावशी एक, मुलं तीसच्या वर. मी त्या मुलाच्या विरोधात नाही. पण माझ्या मुलीचाही सुरक्षित वाटण्याचा हक्क आहे की नाही? शाळेने शॅडो टीचर मागितली तर तिचीही काही बाजू असेल.

बालवाडीवाली

कीर्तिमान दादा, आहे, नक्कीच आहे. तुम्ही विचारलंत ते बरं झालं. हा प्रश्न पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुजबुजत फिरतो आणि मग एखाद्या मुलाचं नाव शाळेतून काढायला भाग पाडतो.

मी अठरा-वीस वर्षं बालवाडीत शिकवते. अडीच-तीन वर्षांची कितीतरी मुलं चावतात, निदान असो नसो. माझ्या वर्गातही एक चावणारा होता. मी वहीत लिहायला लागले, कधी चावतो आणि कुठे चावतो. दोन आठवड्यांत दिसलं की जवळजवळ प्रत्येक वेळी डब्याआधी, हात धुवायच्या रांगेत. नळ दोन, पोरं तीस, मागून ढकलाढकली. त्याला अंगाला धक्का लागलेला सहन होत नव्हता आणि "सरक" म्हणायला शब्द नव्हता. आम्ही सहा-सहाच्या टोळ्या केल्या. एक टोळी नळावर, बाकीच्यांचं गाणं चालू. त्याला पहिल्या टोळीत घेतलं. आणि पंजा पुढे करून 'थांब' दाखवायची खूण सगळ्या वर्गाला शिकवली, त्याला एकट्याला नाही. चावणं महिन्याभरात बरंच कमी झालं. मुख्य म्हणजे बाकीच्यांची ढकलाढकलीही थांबली. त्या रांगेत रोज कुणीतरी पडून रडायचं, ते बंद झालं.

तेव्हा तुमच्या मुलीचा हक्क आणि त्या मुलाचा हक्क एकाच नळावर अडकलेले असू शकतात. शाळेला विचारा: चावलं तेव्हा काय चाललं होतं? वर्गात दुसरं मोठं माणूस का नाही? हे विचारणारे तुम्ही असलात तर शाळा ऐकेल. मृण्मयीताईंनी विचारलं तर "मॅडम वाढवताय" होतं.

आता शिक्षिकेची बाजूही मांडते. तीस-पस्तीस मुलं, त्यात दोघा-तिघांना जास्त लक्ष हवं, प्रशिक्षण शून्य, पगार सांगण्यासारखा नाही. अशा बाईला "समावेशक व्हा" असं सांगणं सोपं आहे. मदत मिळायलाच हवी. पण ती वर्गाला मिळावी. एका मुलाला चिकटवलेली, पालकाच्या खिशातून आलेली मदत बाईला त्या मुलापासून सुट्टी देते. मृण्मयीताईंनी चेंडूवाल्या मुलाचं जे लिहिलंय ते मी अनेक वर्गांत पाहिलंय.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडला. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा भरवली. मुलं येत नाहीत तर दोष मुलांचा, असं त्या म्हणाल्या नाहीत. ठिकाण बदललं, वेळ बदलली, साधनं शिंपले-बियांची केली. ज्या राज्यात हे घडलं तिथे एका शाळेला घंटेची वेळ चित्रात सांगणं जड जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

सह्याद्री_पर्यवेक्षिका

खासगी शाळांचं चाललंय, म्हणून अंगणवाडीचं लिहिते. मी साताऱ्याकडच्या एका बीटात, म्हणजे काही अंगणवाड्यांच्या गटात, पर्यवेक्षिका आहे. अंगणवाड्या ज्या योजनेत चालतात ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ पासूनची. अंगणवाडीत कुठल्याही मुलाला नाही म्हणता येत नाही आणि आमच्या सेविका सहसा म्हणतही नाहीत. अडचण प्रवेशाच्या पुढची असते. मूल येतं आणि भिंतीला टेकून बसून राहतं.

आमच्या एका वाडीवर सेरेब्रल पाल्सीची मुलगी आहे, चार वर्षांची. मान धरत नव्हती नीट. आई तिला मांडीवर घेऊन आहारापुरती यायची आणि जायची. सेविकेने गावातल्या सुताराकडून कोपऱ्याची खुर्ची करून घेतली: दोन फळ्या काटकोनात, मध्ये बैठक, पुढे अडवायला आडवी पट्टी, मानेच्या दोन्ही बाजूंना जुन्या गोधडीच्या गुंडाळ्या. माप फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं. खिचडी मदतनीस चमच्याच्या पाठीने घोटून देते, पातळ नाही, घट्टसर, कारण पातळ तिला ठसका लावतं. आता ती गोलात बसते. बडबडगीत चालू असताना पट्टीवर हात आपटते आणि बाकीची पोरं तिच्या आपटण्याची वाट बघून पुढची ओळ म्हणतात.

योजना आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यातलं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. जन्मजात दोष, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब, हे चारही पाहायचं असतं. संशय आला की जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची खास कार्यपद्धतीही काढली. कागद चांगला आहे. लवकर ओळखायचं, मुलाला रोजच्या खेळात घ्यायचं, घरच्यांना बळ द्यायचं, आशाताई आणि आरोग्य पथकाशी जोडून द्यायचं, असं सगळं आहे.

पण शीघ्र हस्तक्षेप केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी. थेरपीला आठवड्यातून एकदा बोलावतात. वाडीवरून पहाटेची एसटी, मूल कडेवर, आईची त्या दिवसाची मजुरी बुडाली, परत यायला अंधार. चार खेपा होतात, पाचवी होत नाही. मग अहवालात लिहितात "पालकांचे सहकार्य नाही". हे वाक्य मी माझ्या बीटात लिहू देत नाही. आणि सेविकेकडे पाहिलं तर पोषण ट्रॅकर अ‍ॅप भरायचं, वजन-उंची, गृहभेटी, लसीकरणाला बायका गोळा करायच्या, शिवाय सर्वेक्षणं. त्या खुर्चीसाठी तिने वेळ काढला तो स्वतःच्या घरचा.

गिरणाकाठ

पर्यवेक्षिका ताई, त्या वाक्याबद्दल नमस्कार तुम्हाला.

मी समग्र शिक्षा या सरकारच्या शालेय योजनेखाली विशेष शिक्षक, जळगाव जिल्हा. बसतो गटसाधन केंद्रात (तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात), म्हणजे नावाला, बाकी मोटरसायकलवरच. एवढ्या शाळा वाट्याला की एका मुलापाशी पुन्हा पोचेपर्यंत त्याचा वैयक्तिक शिक्षण आराखडा जुना झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांच्या प्रश्नावर निकाल दिला, त्यानंतर सप्टेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रमाण अधिसूचित केलं: प्राथमिकला १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, उच्च प्राथमिकला १५ मागे एक. २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पुन्हा बजावलं की पदं निर्माण करा आणि भरा. माझ्यासारखे कंत्राटी शिक्षक वर्षानुवर्षं याकडे डोळे लावून आहेत. यातही तीन ते सहा वयाचा उल्लेख कुठे दिसतो का बघा.

मला या धाग्यावर एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण ती फारशी बोलली जात नाही. गृहाधारित शिक्षण, म्हणजे पटावर नाव ठेवून मुलाला घरीच शिकवणं. योजना ज्या मुलांना खरोखर अंथरुणातून उठता येत नाही त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासाठी ती आवश्यक आहे. पण मी अशी मुलं पाहिली आहेत जी गल्लीत गोट्या खेळतात, किराणा दुकानातून सामान आणतात, आणि पटावर 'गृहाधारित' आहेत. का, तर वर्गात मध्येच उठतात, तपासणीच्या दिवशी ओरडतात. पटसंख्येत मूल मोजलं जातं आणि बाक रिकामा राहतो. आई-वडिलांना वाटतं सरकारची काहीतरी सवलत मिळाली. मृण्मयीताईंच्या मुलाला दोन तासच ठेवणं हे त्याच वाटेवरचं पहिलं पाऊल आहे. दोनाचा एक होतो, एकाचा "घरीच वर्कशीट देतो" होतो. त्या दोन तासांना मान्यता देऊ नका.

पालकांसाठी माहिती: समग्र शिक्षात दिव्यांग मुलांसाठी मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्य-साधनं आहेत. मुलींना दरमहा २०० रुपये, १० महिने. रक्कम लहान आहे, पण मिळत नसेल तर गटसाधन केंद्रात विचारा. शाळा स्वतःहून सांगतेच असं नाही.

हातांची_भाषा

मी कर्णबधिर आहे, वय ३४, सोलापूर. या धाग्यावर सगळे "सर्वसाधारण वर्गात घ्या" म्हणत आहेत. मला माझं सांगायचं आहे.

मला गावातल्या शाळेत घेतलं होतं. कुणी नाही म्हटलं नाही. पहिल्या बाकावर बसवायचे. गुरुजी भले होते. पण बोलताना फळ्याकडे वळायचे आणि मग मला ओठ दिसायचे नाहीत. मी शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवून घ्यायचो. अक्षर सुंदर होतं माझं, सगळे कौतुक करायचे. मला एका शब्दाचाही अर्थ माहीत नव्हता. नऊ वर्षांचा असताना काकांनी शहरात कर्णबधिरांच्या निवासी शाळेत घातलं. तिथे वसतिगृहाच्या ओसरीवर मोठी मुलं हातांनी भांडत होती, चिडवत होती, गोष्टी सांगत होती. मला माझ्या आयुष्यातला पहिला प्रश्न तिथे विचारता आला. प्रश्न काय होता तर, "माझी आई मला इथे सोडून का गेली?" आणि एका मोठ्या मुलाने उत्तर दिलं.

नऊ वर्षं फार उशीर आहे. मुलाच्या डोक्यात भाषा रुजते ती पहिल्या पाच-सहा वर्षांत. म्हणून तुमच्या तीन ते सहा वयाच्या गोष्टीला मी जोराने हात वर करतो. पण बहिऱ्या मुलाला अशा वर्गात नुसतं बसवलं की जिथे एकालाही खुणांची भाषा येत नाही, तर तो वर्ग त्याच्यासाठी बंदच आहे. २०१६ च्या कायद्यात, कलम १६ मध्येच, अंध आणि बधिर मुलांना योग्य भाषेतून आणि योग्य पद्धतीने शिकवा असं आहे. कलम ३१ मध्ये जवळची शाळा किंवा विशेष शाळा, निवड मुलाची, असंही आहे. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेची संस्था २०१५ पासून आहे, पाठ्यपुस्तकं खुणांच्या भाषेत होत आहेत. बालवाडीच्या ताईंपर्यंत हे कधी पोचेल? मला विशेष शाळेने माणूस केलं. ती बंद करून समावेशन होणार असेल तर मला ते नको आहे.

बालवाडीवाली

हातांची_भाषा दादा, तुमची पोस्ट आमच्या शिक्षिकांच्या गटात पाठवू का? तुमची हरकत नसेल तरच.

हातांची_भाषा

पाठवा. आणि त्यांना सांगा, बोलताना फळ्याकडे तोंड करू नका.

मृण्मयी_नाशिक

सगळ्यांचे आभार. हातांची_भाषा दादा, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहिता आलं नाही. मला माझ्या मुलासाठी हा वर्ग हवा आहे कारण तो इथे रमतो, हे मी गेल्या वर्षी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या मुलाला दुसरं काही हवं असेल. ठरवायला त्या मुलाकडे बघावं लागेल, एवढंच मला कळतं. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात कलम १२ आहे, मुलावर परिणाम करणाऱ्या बाबतीत त्याचं मत ऐकावं म्हणून. माझा मुलगा बोलून मत सांगू शकत नाही, पण रविवारी सकाळी बूट घालून दाराशी बसतो. शाळेच्या बैठकीत हे मत कुणी विचारातच घेतलं नाही.

डब्लिनकर

मी मूळची रत्नागिरीची, सध्या डब्लिनला. माझी धाकटी इथे प्रीस्कूलला जाते, तिला डाऊन सिंड्रोम आहे. शॅडो टीचरच्या मुद्द्यावर इथला अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आयर्लंडमध्ये २०१६ पासून एआयएम नावाची व्यवस्था आहे, फक्त प्रीस्कूलसाठी. त्यात आधाराचे सात स्तर आहेत. पहिले तीन सगळ्यांसाठीच असतात: शिक्षकांचं प्रशिक्षण, समावेशनाची जबाबदारी घेतलेली एक शिक्षिका, वर्गाची मोकळी संस्कृती. पुढचे स्तर गरजेप्रमाणे. तज्ज्ञ येऊन बाईंना सल्ला देतात, मग साहित्य आणि बांधकामातले बदल, थेरपी. शेवटच्या स्तरावर जादा माणसासाठी सरकार प्रीस्कूलला पैसे देतं. दोन गोष्टी मला फार आवडल्या. वैद्यकीय निदानाचा कागद सक्तीचा नाही, मुलाला वर्गात काय जड जातं यावर ठरतं. आणि जादा माणूस सगळ्या खोलीचा असतो, माझ्या मुलीचा एकटीचा नव्हे. कधी ती जादा बाई बाकीच्यांना रंग देते आणि वर्गाची मुख्य बाई माझ्या लेकीबरोबर जमिनीवर बसलेली असते.

इथेही सगळं आलबेल नाही. थेरपीची प्रतीक्षायादी इतकी लांब की मूल मोठं होऊन जातं. पण "तुमचं मूल, तुमची शॅडो, तुमचा पगार" हे वाक्य मला अजून कुणी ऐकवलेलं नाही.

कीर्तिमान

बालवाडीवाली ताई, शाळेत जाऊन विचारलं. चावण्याच्या दोन्ही वेळा घसरगुंडीच्या शिडीवरच्या होत्या. मावशींना तिथे उभं करायचं ठरलंय. बघू काय होतं.

अजून एक प्रश्न आहे. आम्हा पालकांना त्या मुलाबद्दल शाळेने आधीच सांगायला नको होतं का? माहीत असतं तर मी मुलीला काहीतरी समजावलं असतं.

बालवाडीवाली

नको. निदान ही त्या मुलाची खासगी गोष्ट आहे, ते सांगायचं की नाही हे त्याचे आई-बाबा ठरवणार. शाळेने ग्रुपवर टाकलं तर त्या दिवसापासून वाढदिवसाची बोलावणी बंद होतात, हे मी पाहिलंय. मुलीला समजावण्यासाठी निदान लागत नाही. "त्याला पाठीमागून धक्का लागला की भीती वाटते, समोर जाऊन हाक मार," एवढं चार वर्षांच्या मुलीला पुरतं. ती ते आपल्यापेक्षा लवकर शिकेल.

मृण्मयी_नाशिक

कीर्तिमान दादा, शाळेत जाऊन विचारलंत त्याबद्दल खरंच आभार.

अर्जाचा मसुदा केलाय. मुद्दे असे: (१) दोन तासांची अट मागे घ्यावी, पूर्ण वेळ बसू द्यावं. (२) शॅडो टीचरची सक्ती करू नये. वर्गाला जादा मदतनीस शाळेने द्यावी. (३) दिवसाच्या क्रमाची चित्रपट्टी भिंतीवर लावावी. ती आम्ही करून देऊ, आणि हवी तर सगळ्या वर्गासाठी. (४) घंटेआधी त्याला चित्र द्यावं, गेल्या वर्षीसारखं. (५) स्नेहसंमेलनात भाग घेऊ द्यावा. स्पीकरच्या जवळ उभं करू नये, आणि रंगीत तालमीला एकदा रिकाम्या मंचावर फिरवून आणावं. (६) गेल्या वर्षीच्या बाईंनी नव्या बाईंना तासभर वेळ द्यावा. शेवटी लिहिलंय, "कृपया आमच्या विनंतीचा सहानुभूतीने विचार व्हावा."

काकू, बघाल का?

वकीलकाकू

मुद्दे उत्तम. सहावा सर्वांत महत्त्वाचा आहे, तो पहिला घे. त्यावर शाळेला नाही म्हणणं अवघड जाईल आणि बोलणं सुरू होईल.

शेवटचं वाक्य काढ. त्याऐवजी "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३ व १६ नुसार वरील वाजवी सोयी कराव्यात आणि १५ दिवसांत लेखी कळवावे" असं लिही. एखादी सोय शक्य नसेल तर कारण लेखी द्यावं, हेही घाल. अर्ज मुख्याध्यापिकांच्या नावे, प्रत शाळा समितीच्या अध्यक्षांना. सोबत निदानाचा कागद आणि थेरपिस्टचं पत्र, दोन्हींच्या झेरॉक्स. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नकोस.

पंधरा दिवसांत काही झालं नाही तर महापालिकेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. त्याच वेळी पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार देता येते, वकील लागत नाही. आयुक्तांना चौकशीसाठी दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं, आणि मानली नाही तर का नाही तेही. मुंबईच्या राज्य बालहक्क आयोगाचा मार्ग वेगळा खुला आहे. सगळीकडे एकदम धावू नकोस, आधी शाळेला संधी दे. मुलाला उद्याही त्याच बाईंकडे बसायचं आहे.

गिरणाकाठ

अर्ज दोन प्रतींत न्या. एकीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. क्लार्क म्हणेल "ठेवून जा, मॅडम आल्या की देतो." बसून राहा. आणि चित्रपट्टीची चित्रं हवी असतील तर मला निरोप करा, मी वर्गात वापरतो ती पाठवतो. 'डबा', 'शू', 'मैदान', 'घरी' अशी सगळी आहेत. मागे पुठ्ठा आणि वरून जाड सेलोटेप लावा, पोरं चावतात.